विश्लेषण : ‘कोल्डप्ले’ बदलला की चाहत्यांनी ऐकणे सोडले?

‘पहिले दोन अल्बम खरे, पुढे सगळा बाजार’ हे कोल्डप्ले या ब्रिटिश बँडबद्दलचे मत त्याच्या जुन्या चाहत्यांकडूनच वारंवार ऐकू येते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर बँडचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हाही तिकिटांसाठीची झुंबड आणि ही कुरकुर सोबतच चालली होती. पण २००० ते २०२४ या काळातील दहाही अल्बम क्रमाने पुन्हा ऐकले, तर हे मत टिकते का?

मूळ तक्रार काय?

ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन हे चौघे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एकत्र आले. ‘पॅराशूट्स’ (२०००) या पहिल्या अल्बममध्ये संथ गिटार, थोडा पियानो आणि शेजारी बसून कुणी हळू आवाजात गावे तसे गायन आहे. ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’ने (२००२) त्याला धार दिली. ‘द सायंटिस्ट’ आणि ‘क्लॉक्स’ ही त्यातलीच गाणी. तेव्हा विशीत असलेल्या श्रोत्यांची या गाण्यांशी जवळीक जडली. पुढे रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडवणारा, हजारोंच्या मनगटावर दिवे लुकलुकवणारा बँड त्यांना परका वाटू लागला.

बदल नेमका कधी सुरू झाला?

लोकप्रिय समजूत २०११ च्या ‘मायलो झायलोटो’कडे बोट दाखवते. अल्बम ऐकले तर तो क्षण आधीचा, २००५ च्या ‘एक्स अँड वाय’चा आहे. हा अल्बम लांबल्यामुळे ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीवर नफा घटण्याचा इशारा देण्याची वेळ आली होती आणि तिचे समभागही घसरले होते. चार तरुणांच्या गाण्यांवर एवढ्या मोठ्या कंपनीचा ताळेबंद अवलंबून राहू लागला होता. अल्बम त्या वर्षी जगात सर्वाधिक विकला गेला. पण आज ऐकताना त्यावरचे दडपण जाणवते. बहुतेक गाणी एकाच पद्धतीने चढत जातात, वाद्यांचे थर वाढत जातात. दिलासा मिळतो तो अगदी शेवटी, ‘टिल किंगडम कम’ या साध्या गाण्यात. ते जॉनी कॅश यांच्यासाठी लिहिले होते. ते गाण्याआधीच २००३ मध्ये कॅश यांचे निधन झाले. म्हणजे ज्या काळाला चाहते ‘जुना, अस्सल कोल्डप्ले’ म्हणतात, त्याच्या पोटातच साचेबद्धपणा शिरला होता.

२००८ चा अल्बम का महत्त्वाचा?

कारण त्यात बँडने स्वतःचीच सवय मोडली. निर्माते म्हणून ब्रायन ईनो आले. ‘व्हिवा ला व्हिडा’ हे नाव फ्रिदा काहलोच्या चित्रावरून, तर मुखपृष्ठ दलाक्रुआच्या क्रांतीचित्रावरून घेतले. शीर्षकगीतात गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याची जागा व्हायोलिन-चेलोचा मेळ आणि घंटानाद घेतात, आणि मार्टिन पदच्युत राजाच्या तोंडून गातो. एकाच क्रमांकाखाली दोन गाणी दडवण्याची युक्तीही इथे आहे. लोकप्रिय गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये यातले काहीच दिसत नाही. तिथे उरते फक्त स्टेडियमभर गायली जाणारी एक धून.

चाहत्यांनी मागितले ते मिळाले तेव्हा?

२०१४ चा ‘घोस्ट स्टोरीज’ नऊ गाण्यांचा, ताटातुटीच्या सावलीतला आणि बहुतांश कुजबुजीच्या सुरातला अल्बम होता. त्यातून सार्वजनिक स्मृतीत राहिले ते ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे नाचते गाणे. २०१९ चा ‘एव्हरीडे लाइफ’ तर चाहत्यांच्या तक्रारीला दिलेले थेट उत्तर म्हणता येईल. ‘सूर्योदय’ आणि ‘सूर्यास्त’ असे त्याचे दोन भाग आहेत. ‘अरेबस्क’मध्ये फेमी कुटी यांचा सॅक्सोफोन आहे, ‘डॅडी’त दूर असलेल्या वडिलांना हाक मारणारे मूल आहे आणि एका गाण्यात पोलिसी अरेरावीचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण आहे. जॉर्डनच्या अम्मानमध्ये पहाटे आणि संध्याकाळी तो सादर झाला. पर्यावरणाचे नुकसान टाळण्याचा मार्ग सापडेपर्यंत जगदौरा करणार नाही, असेही बँडने जाहीर केले. जोखीम, साधेपणा, राजकीय भान असे सारे त्यात होते. तरी ‘पूर्वीचा कोल्डप्ले राहिला नाही’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात हा अल्बम क्वचितच येतो.

मग टीका सगळी चुकीची?

नाही. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ (२०२१) आणि ‘मून म्युझिक’मध्ये (२०२४) मॅक्स मार्टिन या यशस्वी निर्मात्याची सफाई आहे, पण शब्द अनेकदा इतके सर्वसमावेशक होतात की ते नेमके कुणाला उद्देशून आहेत हेच कळत नाही. प्रेम सगळ्यांवर आहे, म्हणून ते कुणा एकाचे राहत नाही. मात्र ‘बीटीएस’सोबतचे ‘माय युनिव्हर्स’ ज्या अल्बममध्ये आहे, त्याचाच शेवट ‘कलरतुरा’ या दहा मिनिटांहून लांब, संथ गाण्याने होतो. रेडिओसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. तरी बँडने ते केले.

पुन्हा ऐकायचे कशासाठी?

मार्टिन यांनी बारा अल्बमनंतर थांबण्याचे सांगितले आहे. त्यामुळे हिशेब मांडण्याची वेळ जवळ येत आहे. हा हिशेब गाजलेल्या वीस गाण्यांवर मांडला, तर ‘आधी हळवा, मग झगमगाटी’ हीच सोपी गोष्ट पुन्हा सांगितली जाईल. क्रमाने ऐकल्यास वेगळे चित्र दिसते : हा बँड दर काही वर्षांनी शांततेकडे परततो, तिथे त्याला श्रोते कमी मिळतात, आणि मग तो पुन्हा मैदानाकडे वळतो. या फेऱ्यांची जबाबदारी एकट्या बँडवर टाकता येणार नाही. कलावंताने बदलू नये, ही अपेक्षा चाहत्याला सोडावी लागेल. निदान आपल्याला हवा तसा अल्बम आल्यावर तो पूर्ण ऐकण्याइतकी चाळीस-पन्नास मिनिटे तरी त्याने द्यायला हवीत.