कलावंताचे परगाव आणि कोलकात्याची साक्ष

कलेसाठी आपले गाव सोडून दुसऱ्या शहरात जावे की नाही, या प्रश्नावर मराठी सुशिक्षितांमध्ये दोन मते रूढ असून दोन्हींचा निष्कर्ष कोलकात्याच्या विरोधात जातो. पहिले मत असे की, ज्या शहरात पैसा आणि ग्राहक अधिक तेच कलावंताचे शहर. म्हणून जायचेच तर मुंबईला जावे, राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा १९११ मध्ये झाल्यापासून वैभव ओसरत गेलेल्या कोलकात्यात जाऊ नये. दुसरे मत याहून खोल आहे: भाषेचा प्रदेश सोडणारा कलावंत मुळापासून तुटतो आणि नव्या ठिकाणी कायमचा पाहुणाच राहतो. शास्त्रार्थाच्या परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी आधी मांडतात व त्यास पूर्वपक्ष म्हणतात. त्या रीतीने पाहता ही दोन्ही मते पोकळ नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

पहिल्या मताला सर्वांत बळकट आधार चित्रपटाचा मिळतो. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेचा प्रभाव एवढा होता की दुर्गा खोटे यांच्यासारखी मराठी अभिनेत्री ‘राजरानी मीरा’साठी (१९३३) कोलकात्याच्या त्या संस्थेकडे गेली; पण पुढे ती संस्था खंगली, तिचे दिग्दर्शक बिमल रॉय मुंबईला गेले आणि ‘दो बिघा जमीन’ (१९५३) तेथे घडला. परंतु चित्रपट ही मोठ्या भांडवलावर चालणारी कला आहे, आणि तिच्यावरून साऱ्या कलांचा नियम काढणे हा तर्कशास्त्रात अतिव्याप्ती म्हटला जाणारा दोष होय. म्हणजे एका वर्गापुरते खरे असलेले लक्षण त्या वर्गाबाहेरच्या वस्तूंनाही लावणे. कोलकात्यातील ‘ग्रुप थिएटर’, म्हणजे दिवसा अन्य नोकरी करून संध्याकाळी तालमीला जमणाऱ्या हौशी पण कडक शिस्तीच्या नटसंघांची चळवळ, बाजाराच्या बळावर कधीच उभी नव्हती, आणि तरीही विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९७१ मध्ये ‘बहुरूपी’ या अशाच नटसंघाने बंगालीत रंगमंचावर आणले. पैसा नको असे येथे म्हणायचे नाही. उपाशी कलावंताचे गौरवीकरण ही क्रूर गोष्ट आहे. म्हणायचे ते एवढेच की कलावंताला ग्राहकाइतकीच जाणत्या सहकाऱ्यांचीही गरज असते, आणि ही दुसरी गरज पहिलीच्या प्रमाणात भागत नाही.

दुसऱ्या मताला उत्तर देण्यासाठी विनायक पांडुरंग करमरकर यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावात, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरात १८९१ मध्ये जन्मलेला हा शिल्पकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या प्रोत्साहनाने १९१६ च्या सुमारास कोलकात्यात गेला आणि तेथे त्याने आपला स्टुडिओ थाटला. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते व त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले होते. तेव्हा या घराला मराठी माणूस परका नव्हता. कुमारटुलीत पेंढ्याच्या सांगाड्यावर गंगेची माती चढवून दुर्गा घडवणाऱ्या पिढ्यांच्या त्या शहरात, कोकणात मातीचे गणपती पाहत वाढलेल्या हाताला वेगळे काही शिकावे लागले असेल, पण मातीबद्दलचा आदर शिकावा लागला नसेल, असे मानण्यास हरकत नाही. कोलकात्याहून करमरकर पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि नंतर १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. मुळापासून तुटलेल्या माणसाची ही निर्मिती आहे, असे म्हणण्यास कोणी धजावेल काय?

तरीही एक आक्षेप उरतो: शिल्पाला भाषा नसते; ज्याचे साधनच शब्द आहे त्याचे काय? येथे सखाराम गणेश देउस्कर यांचे चरित्र निर्णायक ठरते, आणि मराठी वाचकाला त्याचा विसर पडावा हे खेदजनक आहे. त्यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातले; जन्म १८६९ मध्ये आजच्या झारखंडातील देवघरजवळच्या करौं गावी. देवघरच्या शाळेत शिक्षक असताना एका इंग्रज मॅजिस्ट्रेटवर ‘हितवादी’ या बंगाली पत्रात टीका लिहिल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली, आणि कोलकात्यात येऊन त्याच ‘हितवादी’त ते मुद्रितशोधक झाले, पुढे संपादकपदापर्यंत पोहोचले. म्हणजे शहराने त्यांना आरंभी मान दिला नाही, काम दिले. आणि हाच या लेखाचा मंडनपक्ष, म्हणजे स्वतः प्रतिपादलेला सिद्धान्त आहे: नवे शहर कलावंताला नवे व्यक्तित्व देत नाही, ते त्याच्या जुन्या सामग्रीला नवे काम देते, मात्र सामग्री त्याने सोबत आणलेली असली पाहिजे आणि तेथील भाषेत शिरण्याचे कष्ट त्याने उपसले पाहिजेत. देउस्करांची सामग्री मराठी होती. १९०२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला, आणि १९०४ मध्ये त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसोबत रवींद्रनाथांची शिवाजी उत्सवावरील कविता प्रसिद्ध झाली. ज्या बंगालमध्ये बर्गींच्या, म्हणजे अठराव्या शतकातील मराठी स्वारांच्या, लुटीची भीती दाखवून लहान मुलांना झोपवले जाई, तेथे हे घडणे सोपे नव्हते. ते घडले, कारण सांगणारा त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्यातलाच एक होऊन सांगत होता.

त्याच १९०४ मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ आले: परकीय राजवटीत देशी उद्योग व शेती कशी नागवली गेली याचा आकडेवारीनिशी केलेला हिशेब. काँग्रेसमध्ये सुरतेला पडलेल्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्यास नकार देऊन त्यांनी ‘हितवादी’चे संपादकपद सोडले, १९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’वर बंदी घातली, १९१२ मध्ये ते वारले. जप्त झालेले ते पुस्तक बंगालीत होते.