आठ खाटांचा बंगला

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत, तळेगावला, बदलापूरला, नाशिकच्या गंगापूर रस्त्याकडे गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी दिसू लागली आहे. बंगला भाड्याचा, खाटा आठ-दहा, पाटीवर ‘असिस्टेड लिव्हिंग’ किंवा ‘ज्येष्ठ सेवा केंद्र’, आणि त्याखाली हमखास ‘घरगुती वातावरण’. आत कुणी हिंडतंफिरतं, कुणी वॉकर धरून चालणारं, कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाच्या नाकात नळी. या बंगल्यांविषयी बोलणारे बहुतेक जण एक तर त्यांची आरती ओवाळतात, नाहीतर त्यांना टाळं ठोकायला निघतात. मला दोन्ही मान्य नाही.

त्याआधी तिसऱ्या एका पक्षाची बोळवण करतो. ‘आईबापांना असं बाहेर ठेवावंच कशाला?’ असं विचारणारा हा पक्ष. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’पासून म्हातारपणाचा प्रश्न आपण मुख्यतः एकटेपणाचा म्हणून पाहत आलो. तो खराच आहे. पण आठ खाटांच्या बंगल्यात येणारी माणसं बहुधा एकटेपणामुळे आलेली नसतात. खुब्याचं हाड मोडलेलं असतं, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो, नाहीतर स्मृतिभ्रंशाने दिवसरात्रीचा फरक पुसून टाकलेला असतो. देशातल्या साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे, असा ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पंच्याऐंशीच्या सासूला रात्रीतून चारदा उठवून बसवणारी सून स्वतः साठीची असते, आणि तिचेही गुडघे धरलेले असतात. संस्कृतीचा मुद्दा बहुधा हे काम कधी न केलेली मंडळी काढतात, म्हणून त्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

टाळं ठोकायला निघालेल्यांचं म्हणणं मात्र नीट ऐकून घ्यायला हवं, कारण त्यांतले बरेच जण पोळलेले आहेत. ते सांगतात, ही दुकानं आहेत. भेटीची वेळ चार ते सहा. तेवढ्या वेळात चादरी स्वच्छ आणि केस विंचरलेले. रात्री एकच मावशी, तीही झोपलेली. नळी ओढू नये म्हणून हात ओढणीने खाटेच्या कठड्याला बांधायचे. संध्याकाळनंतर पाणी बेतानेच पाजायचं, म्हणजे डायपर कमी लागतात. कुणी आरडाओरडा केला तर झोपेची गोळी, आणि ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिली ते विचारायचं नाही. पाठीला बेडसोअर झाला हे नातेवाइकांना कळतं ते वासावरून. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: ‘पटत नसेल तर उद्या घेऊन जा.’

यातलं काहीच अशक्य नाही. आठ खाटांच्या घरात यातली प्रत्येक गोष्ट घडू शकते, आणि बाहेर कुणालाही न कळता घडू शकते. पण त्यावरून ‘म्हणून मोठी संस्थाच बरी’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. हात बांधणं, गोळी देणं, पाणी तोडणं हे खाटा थोड्या असल्यामुळे होत नाही, माणसं अपुरी असल्यामुळे होतं. आणि शंभर खाटांच्या संस्थेतही माणसं अपुरीच असतात. सरकारी कल्पनेला आजवर मोठी इमारतच दिसत आली आहे. १९९५ साली युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली ती शंभराच्या हिशोबाने. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम सुचवतो, आणि तिथे आकडा आहे कमीत कमी दीडशे निराधारांचा. निराधारांना छप्पर द्यायचं तर हा आकडा समजू शकतो. पण जिथे अंगाला हात लावून सेवा करायची असते तिथे गर्दी नडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या वृद्धाश्रमात करोना शिरला तेव्हा साठाहून अधिक जणांना लागण झाली. बंगल्यात शिरला असता तर तो आठांपाशी थांबला असता.

लहान घराचं खरं बळ ओळखीत आहे. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला की पुष्कळदा ना ताप येतो, ना जळजळ होते. ते एकाएकी असंबद्ध बोलायला लागतं, कधीच्या गेलेल्या भावाला हाका मारतं, किंवा नुसतंच पेंगत राहतं. कालपर्यंत ते कसं होतं हे ज्याला ठाऊक त्यालाच आजचा फरक दिसतो. रोज त्याच आजींना आंघोळ घालणारी मावशी सकाळच्या चहाला म्हणते, “आज आजींचं काहीतरी बिनसलंय,” आणि त्या एका वाक्याने डॉक्टर दोन दिवस आधी येतो. पाळीला नवा चेहरा येतो तिथे हे वाक्य बोलायला कुणी नसतं. आजी गोंधळलेल्या आहेत एवढंच त्या नव्या बाईला दिसतं, आणि तिला वाटतं, या अशाच असणार.

गिळण्याचंही तसंच. एखाद्या आजोबांना मऊ वरणभात नीट गिळता येतो, पण पातळ चहाला ठसका लागतो. तो चहा फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया. मान थोडी पुढे झुकवून, एक घास गिळल्याची खात्री करून मग दुसरा, असं भरवायला पाऊण तास लागतो. आठ जणांत हा पाऊण तास कसाबसा मिळतो. ऐंशी जणांत तो मिळत नाही, आणि मग ज्याला तोंडाने जेवता आलं असतं त्यालाही नळी बसते. खाटेपासून संडास दहा पावलांवर असला तर माणूस धरून-धरून जातं. लांबलचक व्हरांडा असला तर वेळ वाचवायला व्हीलचेअर येते आणि काही आठवड्यांत पायांतलं होतं तेवढं बळही जातं. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास खाटेपर्यंत येणं हे मी काव्य म्हणून सांगत नाही. भूक मेलेल्या, वेळेचं भान सुटलेल्या माणसाला जेवण आलं हे घड्याळापेक्षा त्या वासाने लवकर कळतं.

इथे आरती ओवाळणारे पुढे सरसावतात: ‘म्हणजे घरच की!’ नाही. ‘हे काही इस्पितळ नाही, घर आहे, इथे कसल्या नोंदी?’ असं चालक म्हणतो तेव्हा तो महिन्याचे तीस हजार मोजून घेत असतो, डिपॉझिट वेगळं. घरातल्या आईला कुणी डायपरचं बिल देत नाही, आणि घर अकरा महिन्यांच्या करारावर चालत नाही. हे बंगले बहुधा तसेच चालतात. शेजाऱ्यांची कुरकुर सुरू होते (‘सारखी ॲम्ब्युलन्स येते, मुलं घाबरतात’), मालक करार वाढवून देत नाही, आणि आठ म्हाताऱ्यांचं बिऱ्हाड टेम्पोत घालून पुढच्या उपनगरात जातं. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईला महत्प्रयासाने अंगवळणी पडलेली संडासाची वाट नव्या घरात उपयोगाची नसते. रात्री ती जुन्या सवयीने डावीकडे वळते आणि तिथे जिना असतो.

शिवाय हिशोब मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. एक मावशी सतत जागी हवी म्हटलं तर बारा तासांच्या चौदा पाळ्या होतात. एकीने आठवड्याला सहा केल्या तरी सव्वादोनाहून जास्त बायका लागतात. दिवसा दोघी आणि रात्री एक म्हटलं तर साडेतीन, आणि गौरी-गणपतीची रजा, आजारपण धरलं की चार. स्वयंपाक, धुणं आणि फरशी यांना वेगळं माणूस. आठही खाटा भरलेल्या असल्या तरच हे जेमतेम जुळतं. एक खाट रिकामी झाली की साडेबारा टक्के उत्पन्न गेलं. भाडं आणि पगार मात्र तेवढेच. मग पहिली काटकसर मावश्यांत होते. चौघींऐवजी दोघी, बंगल्यातच राहणाऱ्या, ‘चोवीस तासांच्या’. मराठवाड्यातून पोट भरायला आलेली ती बाई दिवसभर उचलाउचल करून रात्री झोपते, यात तिचा काय दोष? दुसरी तडजोड प्रवेशात होते. ज्याला सांभाळणं आपल्या आवाक्यातलं नाही त्यालाही घेतलं जातं. आणि चालता आलेला माणूस वर्षाने खाटेला खिळला की ‘आता आमच्याच्याने होत नाही, मोठ्या ठिकाणी न्या’ असं सांगणं चालकाला परवडत नाही.

बळ आणि धोका एकाच जागी आहेत. जी मावशी आजींना ओळखते ती एकटीच ओळखते. ती गावी गेली की ती ओळखही गावी गेली. चालक सज्जन असेल तर बंगला चांगला. पण त्यालाच कावीळ झाली, किंवा त्याचं लक्ष दुसऱ्या शाखेकडे गेलं, तर? खाटा थोड्या राहोत, पण सगळं एका-दोघा माणसांवर लटकलेलं नसावं, असा माझा पक्ष आहे.

परदेशी राहणारी मुलं अशा वेळी अमेरिकेतल्या ‘ग्रीन हाउस’ घरांचा दाखला देतात. डॉ. बिल थॉमस यांच्या कल्पनेतून २००३ साली मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो इथे पहिली घरं सुरू झाली. घरात दहा-बारा जण, मधोमध स्वयंपाकघर, सगळ्यांना पुरेल असं एक टेबल. दाखला बरोबर आहे, पण अर्धाच दिला जातो. ती घरं एकेकटी नाहीत. मागे परवाना असलेली संस्था आहे, नर्स आहेत, नर्सिंग होमला लागू असणारे नियम आहेत. नेदरलँड्समधल्या वेस्प गावच्या होखेवेक वस्तीतही स्मृतिभ्रंशाचे सहा-सात जण एका घरात राहतात, पण अशी बरीच घरं मिळून एकच केंद्र आहे. तिथे जेवणाचं टेबल लहान ठेवलं आहे, पाठबळ नाही.

आपल्याकडे पाठबळ सोडाच, धड नोंदही नाही. नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा राज्यात आहे. चालक म्हणतो, आम्ही उपचार करत नाही. मानसिक आजाराच्या लोकांना निगेसाठी ठेवून घेणाऱ्या जागेने नोंदणी करावी असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, आणि त्याच्या व्याख्येत स्मृती व दिशाभान यांचा बिघाडही येतो. पण बंगल्याच्या पाटीवर ‘ज्येष्ठ’ एवढंच लिहिलेलं असतं. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी निकष काढले, ते सदनिका विकणाऱ्या बिल्डरांसाठी. सेवागृहांची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि मंजूर होण्याआधी ती लोकसभाच संपली. वस्तू व सेवा कराने मात्र वृद्धाश्रम बरोबर हेरला: धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला सूट देताना महिना २५ हजारांची मर्यादासुद्धा घालून ठेवली.

‘नोंदणी आणा म्हणजे इन्स्पेक्टर आणा, म्हणजे पाकीट आणा,’ हा आक्षेप प्रामाणिक चालकच घेतात, आणि त्यात तथ्य आहे. इस्पितळाचे नियम जसेच्या तसे लावले तर चांगला लहान बंगला आधी बंद पडेल, वाईट बंगला फक्त पाटी उतरवेल. पण म्हणून काहीच नको असं नव्हे. दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या ज्येष्ठांच्या एका सेवागृहाला १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागली आणि दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. अंथरुणाला खिळलेलं कुणीही वरच्या मजल्यावर नसावं, खिडकीच्या गजांना आतून उघडणारं दार असावं, याला काही लाखांची यंत्रणा लागत नाही. रात्री एक माणूस जागं, कूस कधी बदलली आणि औषध कधी दिलं याची वही, आणि दर महिन्याला नातेवाइकांदेखत वजन. वजनाच्या काट्यापुढे ‘आजी छान जेवतात’ हे टिकत नाही. भेटीची वेळ नसावी. रात्री नऊलाही दार उघडावं. परिसरातल्या पाच-सहा बंगल्यांनी मिळून एक नर्स ठेवावी, बदली मावश्यांची यादी एक असावी, आणि एक बंगला उठला तर त्यातली माणसं बाकीच्यांनी सामावून घ्यायची असा लेखी करार असावा. पाहणीला सरकारी माणसाबरोबर ‘फेस्कॉम’ या राज्य महासंघाशी जोडलेल्या स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे जाऊ देत. सहलींचं नियोजन ते उत्तम करतात; हेही करतील, कारण उद्या त्या खाटांवर त्यांनाच जायचं आहे.

खर्च? नर्सचा पगार तीस हजार धरला आणि तो पाच बंगल्यांतल्या चाळीस खाटांवर वाटला तर खाटेमागे साडेसातशे पडतात. रात्रीच्या जादा मावशीचे अठरा हजार आठ खाटांवर वाटले तर सव्वादोन हजार. मिळून तीन हजार. आई-वडिलांसाठी जागा बघायला गेल्यावर आपण घासाघीस करून बहुधा तेवढेच कमी करून घेतो, आणि रात्री कोण जागं असतं ते विचारत नाही.

ज्यांना तीस हजार मुळातच परवडत नाहीत ते यातून सुटतात, हे मान्य. २००७ च्या कायद्याने मुलांकडून मिळवून दिलेल्या निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादाच दहा हजार आहे. त्यांच्यासाठी शासनाने नवी इमारत बांधण्याऐवजी अशा जोडलेल्या बंगल्यांतल्या खाटांचे पैसे भरावेत. कलम १९ मधले दीडशे जण एकाच छपराखाली असले पाहिजेत हा हट्ट कशासाठी? आठाच्या हिशोबाने ते एकोणीस बंगल्यांत मावतात, आणि तेवढे बंगले एकट्या पुणे जिल्ह्यात आज शोधावेही लागणार नाहीत.