गायगोधनाची वाट कोणी अडवली?

दिवाळी दिव्यापासून सुरू होत नाही, गाईपासून होते. पंचांग उघडून पाहावे. आधी वसुबारस, सवत्स धेनूची पूजा, आणि मग बाकीचे सारे. मुंबई-पुण्याला दारी गाय नसते, म्हणून पाटावर मातीची नाहीतर चांदीची गाय मांडतात. तिला चारा लागत नाही, पाणी लागत नाही आणि ती रस्त्यात आडवी येत नाही, हे तिचे गुण ध्यानात घेण्यासारखे आहेत. आमच्या भंडारा जिल्ह्यात, झाडीपट्टीत, गाय अजून खरी आहे. पाडव्याला तिथे गायगोधन असते. गोवारी मंडळी ढाल उभारतात, ढोरे रंगवून सजवून वाजतगाजत गावातून आखरावर नेतात, आणि ज्याच्याकडे वर्षभर कोणी मान वर करून पाहिले नाही तो गायकी त्या दिवशी गावाचा मानकरी होतो.

मला या सणात खोट काढायची नाही. खोट आहे ती सणाच्या दुसऱ्या सकाळी. भाऊबीजेला तीच ढोरे आखरावर जमतात, गायकी काठी उचलतो, आणि प्रश्न उभा राहतो : कोणत्या वाटेने जायचे आणि कोणत्या पाण्यावर? या प्रश्नाला आज धड उत्तर नाही, कारण ती वाट आपण सर्वांनी मिळून, थोडी थोडी करून, खाल्ली आहे. फराळाच्या ताटासमोर बसलेल्या वाचकांपुढे खाण्याची निंदा करणे शिष्टाचाराला सोडून होईल. पण ती करण्यासाठीच हा लेख आहे.

तुमसर तालुक्यातले चिखला हे गाव घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचा, मध्यप्रदेशाला लागून असलेला हा मुलूख. गावाला हे नाव कशावरून पडले ते पंडितांनी ठरवावे. कानाला तरी त्यात चिखल ऐकू येतो, आणि चिखल म्हणजे पाणी. पण जगाच्या बाजारात या गावाचे नाव गेले ते मँगनीजमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे खाण निघाली. आधी ती इंग्रजी कंपनीच्या हाती होती. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाल्यावर तिच्याकडे आली, आणि जमिनीच्या पोटात तिचे काम आजही चालते. शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण. या धातूसाठी तुमसरहून तिरोडीपर्यंत लोहमार्गाचा फाटा टाकण्यात आला. त्या फाट्यावर गोबरवाही नावाचे स्टेशन आहे. नावाचा मूळ अर्थ काहीही असो, गोबरवाहीवरून धातू वाहिला जावा, यात काळाची थोडी थट्टा आहेच.

खाणीशी माझे भांडण नाही. तिने या भागातल्या कित्येक चुली पेटत्या ठेवल्या आहेत. भांडण आहे ते मोजणीशी. खाणपट्ट्याच्या हद्दीला खांब असतात, रेल्वेच्या हद्दीला दगड असतात, वनखात्याचे मुनारे असतात. ढोरांच्या वाटेला ना खांब, ना दगड, ना मुनारा. ज्याला खूण नाही ते मोकळे, आणि जे मोकळे ते ज्याच्या हाती बळ त्याचे, असा आपला महसुली वेदान्त आहे.

वाट एका दिवसात बंद होत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. पहिल्या वर्षी धुऱ्याकडचा शेतकरी नांगराचे एक तास पुढे घेतो. दुसऱ्या वर्षी काटेरी तार येते. मग गायरानात एखादी सरकारी इमारत उभी राहते, आणि तिच्या आडोशाने चार खाजगीही. मग पांदण पक्की होते. २०२१ पासून मातोश्रींच्या नावाच्या योजनेत शेतांचे आणि पाणंदींचे रस्ते बांधले जाऊ लागले. चांगलेच झाले, ट्रॅक्टर चिखलात रुतू नये. परंतु रस्ता खडीचा झाला की त्यावर शंभर ढोरे हाकणारा माणूस एकाएकी अडाणी, अडथळा आणि अपघाताचे कारण ठरतो. ज्या ढोरांच्या खुरांनी ती पांदण पडली, त्यांनाच तिच्यावरून हुसकावले जाते.

शिवारही बंद झाले. पूर्वी धान निघाला, बांध्यांतली लाखोळी उपटून झाली, की होळीपासून मृगापर्यंत शिवार ढोरांना मोकळे असे. काठेवाडी रबारी उंटांवर बिऱ्हाड लादून मेंढ्यांचे कळप घेऊन विदर्भात हिंडतात, ते अशाच मोकळ्या शिवारांच्या भरवशावर. शेतकऱ्याने रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, मेंढ्यांनी लेंडीखत द्यायचे, मेंढपाळाला धान्य किंवा रोख मिळायची. हा करार कोणत्याही मुद्रांकावर नव्हता आणि तरी तो पाळला जात असे. आता बोअरवेलच्या आणि कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान होतो, शिवार बाराही महिने हिरवे असते, आणि त्या हिरवळीत ढोराला तोंड घालायला तसूभर जागा नसते. हिरवे दिसते म्हणून सुबत्ता आहे असे मानणारे लोक बहुधा मोटारीतून जात असतात.

पण खरे मर्म पाण्यात आहे. वाट म्हणजे पायाखालची जमीन, असे आपण समजतो. चार पायांच्या प्राण्याला विचारा. वैशाखात, पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना, एका म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत ढोर न कोसळता जितके चालू शकते तितकीच त्याची वाट. मधले एक पाणी काढून घ्या; जमीन तशीच राहील, वाट मरेल.

हे मी नवे सांगत नाही. नाणेघाटात सातवाहनांच्या काळची खडकातली टाकी आजही आहेत, कारण लमाणांचे बैल आणि गाढवे तहानलेली राहिली असती तर जुन्नरची बाजारपेठ राहिली नसती. दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून दाखवून दिले की धनगरांच्या ऋतुमानाच्या वाटाच पुढे व्यापाऱ्यांच्या झाल्या आणि त्यांच्या कडेने लेणी उठली. म्हणजे कळप आधी, व्यापारी मागून, आणि भिक्षू त्याच्याही मागून. देशावरचे धनगर दिवाळी सरली की अजूनही कोकणात उतरतात. पूर्वेकडे हेच काम बंजाऱ्यांनी केले. छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवरून इकडे आणावे, परतताना मीठ न्यावे, हा त्यांचा व्यवहार १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे येईपर्यंत जोरात होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६च्या आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांची एक आख्यायिका नोंदवली आहे. शाहजहानच्या काळी दक्षिणेच्या स्वारीत रसद पुरवणाऱ्या नायकांना ताम्रपट मिळाला. त्यात कोणाच्याही रांजणातले पाणी आणि कोणाच्याही छपरावरचे गवत घेण्याची मुभा होती म्हणे. आख्यायिका खरी की खोटी, मला महत्त्व वाटत नाही. मागणे काय होते ते पाहा. सोने नाही, जहागीर नाही. पाणी आणि गवत. पुढे १८७१ साली इंग्रजांनी फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला. तो १९५२ मध्ये गेला, पण फिरणारा म्हणजे संशयित, ही समजूत आपण सांभाळून ठेवली आहे.

भंडाऱ्याच्या वाटांना पाणी दिले ते तलावांनी. गोंड राजांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी बांधल्या, पाणी सोडायला तुडुम बसवले, मोठ्या तलावांच्या खाली लहान बोड्या काढल्या. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध कोलू पाटलाच्या नावाने ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. ते धानासाठी बांधले हे खरे. पण त्यांच्या पाळीच्या विरुद्ध अंगाला, जिथे जमीन सावकाश पाण्यात उतरते, तिथे ढोरे पाण्यावर जात, दुपारी झाडाखाली बसत आणि उन्हे कलली की पुढे निघत. तलावाचे ते अंग कोणी बांधले नव्हते, म्हणून त्याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

येथे कोणी गहिवरून म्हणेल, की जुने मालगुजारच बरे होते. कृपा करून तसे म्हणू नये. त्यांची वेठबिगार या मुलखाने सोसली आहे. आणि ज्या पाणवठ्यावर ढोराला मज्जाव नव्हता त्यावर माणसाला होता, हे महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी साऱ्या देशाला ओरडून सांगितले. मला जुने धनी नकोत. जुना हक्क हवा आहे, आणि तो सर्वांना हवा आहे.

१९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. धनी गेला, पण धन्याच्या जागी जो आला त्याला तलावाचे दोनच उपयोग ठाऊक : सिंचन आणि मासळीचा ठेका. गाळ साचला, बेशरमाची झाडे माजली. अलीकडे कुठे कुठे सुशोभीकरण निघाले आहे. सुशोभीकरण म्हणजे उताराच्या काठावर दगडी भिंत, भिंतीवर लोखंडी कठडा, कठड्याजवळ बाक आणि दिवे. माणसाला तलाव पाहता येतो. ढोराला तो पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. नव्या कालव्यांचे तेच. सिमेंटच्या उभ्या बाजू, डोळ्यांसमोर पाणी वाहते आहे आणि उतरायला घाट नाही. तहानेने उतरलेले जनावर वर येत नाही. एक घाट ठेवायला किती सिमेंट लागते? उलट कमीच लागते.

याच घरांत, याच दिवाळीच्या सुटीत, दूरदेशीच्या साहसांच्या चित्रफिती कौतुकाने पाहिल्या जातात, म्हणून ऑस्ट्रेलियातली एक वाट सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून हॉल्स क्रीकपासून विलुनापर्यंत सुमारे १,८५० किलोमीटरची गुरांची वाट आहे. आल्फ्रेड कॅनिंग या मोजणीदाराने १९०८ ते १९१० या काळात तिच्यावर पन्नासच्या आसपास विहिरी बांधल्या, एका दिवसाच्या चालीवर एक, म्हणून वाटेला त्याचे नाव. पाणी त्याला कसे सापडले? १९०६च्या पाहणीत त्याने तिथल्या मूळ रहिवाशांना साखळदंडांनी बांधून त्यांच्याकडून त्यांची झिऱ्यांची ठिकाणे काढून घेतली. त्याच्याच स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि आयोगाने कॅनिंगला निर्दोष सोडले. ज्यांचे झरे होते त्यांनी पुढे काही विहिरी मोडून टाकल्या, नवल नाही. १९५९ नंतर त्या वाटेने कळप गेला नाही. आज तिच्यावर जीपगाड्या जातात, परवाने काढून, पाण्याची पिंपे लादून, आणि प्रवासी घरी परतल्यावर मित्रांना चित्रे दाखवतात.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पाणी हिसकावून काढलेली वाट टिकली नाही, ही एक. दुसरी अशी, की त्या देशाने गुरांच्या वाटा निदान कागदावर राखल्या आहेत. एकट्या क्वीन्सलंड प्रांतात सुमारे ७२,००० किलोमीटर वाटा गुरांसाठी नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे वाळवंट नाही, परंपरा आहे, गोमातेच्या नावाने मते आहेत. आणि तुमसरच्या रस्त्याने उंट-मेंढ्या घेऊन जाणाऱ्या रबाऱ्याच्या पाठीमागे मोटारीचा भोंगा आहे. तिकडची वाट साहसाची आणि इकडची गचाळ, हा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात?

माझ्यावर आक्षेप येतील. ढोरे पीक खातात. खातात; वाट अडवली म्हणजे बांधीतूनच जातात. ढोरांनी जंगल उजाड होते. काही ठिकाणी होते, आणि नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्य व २०१३ मध्ये नवेगावसह व्याघ्र प्रकल्प केला त्याला माझा विरोध नाही. परंतु जंगल बंद करताना त्या ढोरांनी जावे कुठे हे ठरवले पाहिजे, नाहीतर कुंपणाबाहेरची उरलीसुरली गवताची पट्टी दोन वर्षांत खरवडून निघते आणि मग त्याचाही दोष गायक्याच्या माथी. ढोरे आता ट्रकने नेता येतात, असेही एक शहाणा म्हणाला. चरायला?

आणि हक्क नवा मागायचा नाहीच. विदर्भाच्या महसुली कागदांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन जुने कागद आहेत. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ते कलम १६१ आणि १६५ खाली आले आहेत. पहिल्यात गावच्या पडीक जमिनीवर ढोरे कशी चरतील ते, दुसऱ्यात वहिवाटीचे, रस्त्याचे, पाण्याचे रिवाज. २००६च्या वनहक्क कायद्याने तर फिरस्त्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही हक्क शब्दाने मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावतळी आणि सामायिक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवा, असे सर्व राज्यांना बजावले. कायदे आहेत, निकाल आहे, कागद आहे. नाही ती मोजणी. चिखल्यासारख्या गावात खाणपट्टा इंचाइंचाने मोजता येतो, तर आखरापासून तलावापर्यंतची वाट का मोजता येऊ नये? मोजावी, दगड रोवावेत, नकाशावर रेघ ओढावी, आणि तलाव दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक ठेक्यात ढोरांच्या उताराची जागा लिहून घ्यावी.

आता भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरेल. नागपूर-मुंबईचे पाहुणे येतील, रात्री दंडार पाहतील. त्या गर्दीत एखादा गायकी भेटला तर त्याला विचारावे, बाबा, येत्या वैशाखात ढोरे कुठे पाजणार? तो हात करील ती दिशा गावच्या निस्तारपत्रकात आहे की नाही, हे सुटी संपून कचेरी उघडली की पाहता येते.