शेवटचे कडवे कुठे गेले?

१३ एप्रिलच्या रात्री कुर्ल्यातल्या आमच्या वस्त्यांना झोप नसते. बाराच्या ठोक्याला मेणबत्त्या लागतात, जयभीमचा गजर होतो आणि गल्लीच्या तोंडाशी रचलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून भीमगीत सुरू होते. अशाच एका जयंतीला आमच्या पोरांनी गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाईलवर टाकला. सकाळपर्यंत तो हजारोंनी पाहिला होता. आम्हांला आनंद झाला. पण गाण्याखाली कवीच्या नावाच्या जागी एकच शब्द होता : 'पारंपरिक'. गाणे होते वामनदादा कर्डकांचे. आम्ही पोरांना विचारले, "हे कोणी लिहिले?" उत्तर आले, "माहीत नाही, पण व्हायरल आहे."

जो कवी २००४ पर्यंत आपल्यात होता, ज्याला आपल्यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे गाणे 'पारंपरिक' कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर आपण शोधले पाहिजे. कारण गाण्याची कीर्ती कशी होते, ती कोणाच्या नावे जमा होते आणि तिचा पैसा कोणाच्या घरी जातो, हे सारे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदलले आहे.

आधी जुना काळ पाहू. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव आंबेडकरी जलसे नेले. ना वर्तमानपत्रात जाहिरात, ना रेडिओवर नाव. पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने शाहीर जायचा आणि लोक रात्रभर बसून ऐकायचे. पुढे वामनदादा आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही, मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकला आणि त्याने हजारो गाणी लिहिली. ती छापली गेली त्याहून जास्त गायली गेली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वामनदादा आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफत. ही संतांपासून, शाहिरांपासून चालत आलेली रीत. तुकोबांच्या अभंगाला 'तुका म्हणे' असते तसेच हे. यामागे मोठे शहाणपण होते. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, करारपत्र नाही, त्याने आपली सही गाण्याच्या आतच करून ठेवली. गाणे कोणीही गावो, कोणत्याही गावात गावो, शेवटचे कडवे आले की कवीचे नाव ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारच. आपल्या माणसाचा कॉपीराइट तो हाच होता.

मग कॅसेट आली. तोवर ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात एचएमव्हीची जवळपास मक्तेदारी होती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने ती मोडली आणि ज्या आवाजांना प्रस्थापितांच्या स्टुडिओत मान नव्हता ते आवाज चहाच्या टपरीवर, रिक्षात, एसटी स्टँडवर वाजू लागले. प्रल्हाद शिंदे हे त्या काळाचे सर्वात मोठे नाव. त्यांनी भीमगीते गायली, विठ्ठलाची गाणी गायली, कव्वाली गायली. बाबासाहेबांच्या जयंतीला आणि आषाढीच्या वारीला एकाच माणसाचा आवाज लागत होता. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी ती गादी चालवली. आनंद शिंदेंचे 'पोपटा'चे गाणे तर लग्नाच्या वरातीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे वाजले. ६ डिसेंबरला कुर्ल्याहून लोकलने दादरला उतरावे, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून एक पुस्तक, एक मूर्ती आणि दोन कॅसेट घ्याव्यात, हा आपल्या हजारो घरांचा नेम होता. कॅसेटच्या वेष्टनावर गायक, कवी, संगीतकार यांची नावे बारीक अक्षरात का होईना छापलेली असत. घरातले शिकणारे पोर ती मोठ्याने वाचून दाखवी.

तो काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. किती कॅसेट खपल्या याचा हिशेब गाणाऱ्याच्या हाती नसे. ज्या आवाजावर लाखो माणसे जीव टाकत, त्याची दखल मोठी वर्तमानपत्रे क्वचितच घेत. मुलुंडचे लोकशाहीर विलास घोगरे आठवा. १९८५ च्या आनंद पटवर्धनांच्या 'बॉम्बे : अवर सिटी' या माहितीपटात त्यांचा आवाज टिपला गेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. ते दुःख सहन न होऊन चार दिवसांनी घोगरेंनी जीवन संपवले. चळवळीबाहेरच्या अनेकांना त्यांचे नाव कळले ते २०११ च्या 'जयभीम कॉम्रेड' या माहितीपटातून, म्हणजे ते गेल्यावर चौदा वर्षांनी. जुन्या काळात दार बंद असले की ते असे बंद असे.

इंटरनेटने ते दार फोडले, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचा पुरावा आपल्या कुर्ल्यातच आहे. कुर्ला पश्चिमेचा नावेद शेख, ज्याला जग नेझी म्हणून ओळखते, त्याने २०१४ साली 'आफत' हे रॅप गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, चित्रीकरणही त्यावरच केले आणि यूट्यूबवर टाकले. ना कंपनी, ना स्टुडिओ, ना कोणाची शिफारस. त्याच्यावरच्या लघुपटाचे नाव 'बॉम्बे ७०' आहे. तो ७० म्हणजे ४०००७०, आपल्या कुर्ल्याचा पिनकोड. ज्या पत्त्यावर नोकरीचा अर्ज केला की साहेबाच्या कपाळाला आठी पडते, तो पत्ता या पोराने अभिमानाचा केला.

तिकडे मराठवाड्यात कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गात होत्या. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि त्यांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माही या मुलीने बाबासाहेबांची आणि गुरू रविदासांची गाणी यूट्यूबवरून परदेशापर्यंत नेली. पूर्वी अशी कीर्ती मिळायला आयुष्य जाई. आता आठवडा पुरतो.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की दार फुटले, पण तिजोरीची किल्ली अजून दुसऱ्याच्याच कमरेला आहे.

नेझी आणि अंधेरीचा डिव्हाईन या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन २०१९ साली 'गली बॉय' हा मोठा हिंदी चित्रपट आला. त्याला तेरा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पण पडद्यावरचा नायक धारावीचा झाला. कुर्ला गळून पडले! तमिळनाडूत अरिवूचे पाहा. भूमिहीन मजुरांच्या, आपल्या आजीच्या कहाणीवर त्याने 'एन्जॉय एन्जामी' लिहिले आणि गायले. २०२१ साली ते जगभर गाजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची सहगायिका झळकली, अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी उघड आवाज उठवला, तेव्हा कुठे त्याचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. गाणे व्हायरल होते, गाणारा होईलच असे नाही.

पैशाचेही तेच. कॅसेटच्या काळात जी टी-सीरिज मोठी झाली, तिचेच यूट्यूब चॅनेल २०१९ साली दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडणारे जगातले पहिले चॅनेल ठरले. म्हणजे काळ बदलला तरी मालक आपली जागा राखून आहेत. आपल्या पोराला मात्र आपल्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा वाटा हवा तर आधी १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचे प्रेक्षण जमवावे लागते. ज्याचे गाणे दुसऱ्यांच्याच खात्यांवर फिरते, त्याने हे आकडे कुठून आणायचे?

आणि सर्वात मोठे नुकसान शेवटच्या कडव्याचे. रील तीस सेकंदांची. तेवढ्यात मुखडा वाजतो, ठेका वाजतो आणि बोट पुढे सरकते. ज्या कडव्यात वामनदादांनी सही केली होती तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. डीजेवालाही तेवढाच तुकडा कापून घेतो. कंपनीने नव्हे, कोण्या मनुवाद्याने नव्हे, आपणच आपल्या कवीची सही कापली. हे कटू आहे, पण खरे आहे.

यावर उपाय काय? पहिला उपाय आपल्या हातात आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. जयंतीला जे गाणे वाजेल ते वाजण्याआधी माईकवरून कवीचे नाव घ्यावे. मोबाईलवर गाणे टाकताना कवी, गायक, संगीतकार ही तीन नावे लिहावीत. कवी माहीत नसेल तर 'पारंपरिक' न लिहिता वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. रात्रभरातून निदान एक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावे.

दुसरा उपाय कायद्याचा. आपल्या देशात कवीचा प्रताधिकार त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांची गाणी २०६४ अखेरपर्यंत कायद्याच्या दृष्टीने 'पारंपरिक' होत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने तर असे ठरवले की गीतकाराने वा संगीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी स्वामित्वधनाचा समान वाटा मागण्याचा त्याचा हक्क सुटत नाही. हे स्वामित्वधन गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. आपल्यातल्या किती गीतकारांनी, किती वारसांनी तिचे सदस्यत्व घेतले आहे? आपल्यात आता वकील झाले, संगणक अभियंते झाले, सनदी लेखापाल झाले. त्यांनी वर्षातला एक रविवार एखाद्या म्हाताऱ्या शाहिराच्या घरी बसावे, त्याच्या वह्या टिपून घ्याव्यात, त्याचा अर्ज भरून द्यावा. 'पे बॅक टू सोसायटी' आपण भाषणात नेहमी म्हणतो. ते करण्याची ही एक सरळ वाट आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला लिहायला सांगितले, नोंद ठेवायला सांगितले. ज्यांच्या नोंदी नसतात त्यांचा इतिहास दुसरे लिहितात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? लाखो लोकांनी पाहिलेले गाणे उद्या विसरले जाईल, परवा नवे येईल. नाव मात्र टिकले पाहिजे. येत्या १३ एप्रिलच्या रात्री कुर्ल्यातल्या एका तरी गल्लीत गाणे पूर्ण वाजू द्या. शेवटच्या कडव्यात वामनदादा स्वतः येऊन उभे राहतील.

जयभीम!