शाळेतला फोन शिकवण्याच्या कामाला लावा!

पालक, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना जाहीर आवाहन



दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ट्रॉलीत संसार चढतो, त्याबरोबर मुलेही चढतात. वर्गातली निम्मी जागा कधी कधी एका आठवड्यात रिकामी होते. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये ही मुले परततात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो आणि वाचायला आलेली अक्षरे मागे पडलेली असतात.

लवचिक शिक्षण, मिश्र शिक्षण, ऑनलाइन शिक्षण हे शब्द आता परिपत्रकांत रुळले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिजिटल शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण आहे. या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज फडावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या मुलीला आहे, आणि तिच्यापर्यंत ते पोचलेले नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: लवचिक शाळा हवीच. पण ती शिक्षकच चालवू शकतो, आणि आज त्याच शिक्षकाचे हात बांधलेले आहेत.

लवचिक शाळा आपल्याला नवी नाही

दिवसभर राबणाऱ्यांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये रात्रशाळा काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी भागात शाळाच मुलांच्या मागे नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर कुरणातच शिकवू, म्हणून कुरणशाळा भरली. पुढे कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा आल्या, गावात हंगामी वसतिगृहे आली, स्थलांतरित मुलांच्या हाती शिक्षण हमी पत्रक आले. वेळ बदलली, जागा बदलली, साधने बदलली. प्रत्येक वेळी मुलाला ओळखणारा एक शिक्षक मात्र तिथे होता.

कोरोनाने काय शिकवले

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात उघडले ते 1 डिसेंबर 2021 रोजी. त्या काळात दीक्षा अ‍ॅपवरचे धडे होते, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज लिंक येत होत्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होते. तरीही ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत झालेल्या पाहणीत, नियमितपणे ऑनलाइन शिकणारी ग्रामीण मुले फक्त 8 टक्के निघाली. त्याच वर्षीच्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालाने दाखवले की देशात शाळेत नाव असलेल्या दोन तृतीयांशांहून अधिक मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हाती तो अभ्यासाला येतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो, हे कोणत्याही गावात विचारा.

त्याच दिवसांत सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. कुठे पारावर, कुठे देवळाच्या ओसरीवर गुरुजी आणि बाई पाच-पाच मुलांना घेऊन बसले. साधन भिंत असो की फोन, जिथे शिक्षक पोचला तिथेच शिक्षण पोचले.

शिक्षकाच्या हातातला फोन आज काय करतो?

तो माहिती भरतो. सरल, यू-डायस प्लस, आधार पडताळणी, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन हजेरी, उपक्रमांचे फोटो. सकाळी गटावर निरोप पडतो: ‘आज दुपारपर्यंत तातडीने सादर करा.’ रेंज नसलेल्या वाडीतले गुरुजी तास सोडून टेकडीवर जातात. द्विशिक्षकी शाळेत एक जण माहितीत किंवा बैठकीत गुंतला की चार वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. रोजची माहितीभरती ‘शैक्षणिक’ म्हणून खपवली, तरी तिच्यात बुडालेला वेळ मुलांचाच असतो.

‘धडे ऑनलाइन आहेत, मग शिक्षक कशाला?’

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मोठ्याने देतो. 52 मधून 17 वजा करताना मूल 45 लिहिते. का? त्याने 7 मधून 2 वजा केले, कारण लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढेच त्याच्या मनात बसले आहे. व्हिडिओ वजाबाकी शंभर वेळा दाखवेल, पण या मुलाने हे का केले ते त्याला विचारणार नाही. ते विचारणे, काड्यांचा गठ्ठा सोडून एका दशकाचे दहा सुटे करून दाखवणे आणि उद्या पुन्हा वही पाहणे, हे शिक्षकाचे काम आहे.

शिक्षकाची भूमिका बदलते आहे, हे आम्ही मनापासून मान्य करतो. तेच ते स्पष्टीकरण टॅबवरच्या धड्याने करावे. तिसरी-चौथीचा गट धडा ऐकत असेल, तेव्हा बाईंनी पहिलीच्या चार मुलांना जवळ घेऊन वाचायला बसवावे. कोणता धडा, कोणत्या मुलाला, कधी, हे त्यांनी ठरवावे. या कामाला पूर्वीपेक्षा जास्त जाणकार शिक्षक लागतो. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. पडदा बसवून शिक्षक काढून घेण्याचा डाव कोणी मांडला, तर तो गावाने उधळावा.

ऊसतोडीच्या मुलांपासून सुरुवात करता येईल. मूल निघण्यापूर्वी त्याची वाचन-गणिताची पातळी हमी पत्रकावर लिहा. फोनच्या मेमरीत त्याच्या पातळीचे धडे भरून द्या, म्हणजे फडाजवळच्या कोपीवर, झोपडीत, रेंजची गरज पडणार नाही. कारखान्याजवळच्या शिक्षकाला गावच्या शिक्षकाने स्वतः फोन करावा. संध्याकाळी आईबाप फडावरून आले की आठवड्यातून एकदा त्याने मुलाशीही फोनवर बोलावे. एवढे केले तर एप्रिलमध्ये परतलेले मूल आपल्या वर्गात बसू शकेल.

आमच्या मागण्या

1. शाळेच्या वेळेत शिक्षकाकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवू नये. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या पोर्टलसाठी पुन्हा मागू नये.

2. माहिती भरण्यासाठी केंद्रशाळा पातळीवर स्वतंत्र कर्मचारी नेमावा.

3. कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक राहतीलच. ऑनलाइन धड्यांच्या नावाखाली एकही पद कमी करू नये.

4. टॅब, डेटा आणि दुरुस्तीचा खर्च शासनाने द्यावा. शिक्षकाच्या खिशातून आणि पालकाच्या फोनवर योजना चालवू नये.

5. स्थलांतरित मुलांशी हंगामभर संपर्क ठेवणे हे शिक्षकाचे अधिकृत काम मानावे आणि त्यासाठी तासिका द्यावी.

6. मिश्र शिक्षणाचे प्रशिक्षण वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांकडूनच व्हावे.

आता तुमची पाळी

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा अधिकार कायद्याने दिला आहे, तो वापरा. पुढच्या बैठकीत विचारा: गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांचे किती तास माहिती भरण्यात गेले? उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या. 26 जानेवारी आणि 1 मे च्या ग्रामसभांत या सहा मागण्यांचा ठराव करा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद व आमदारांना पाठवा.

शिक्षक मित्रांनो, तुम्हीही पालकांसमोर या. तुमचा दिवस कशात जातो ते त्यांना सांगा. गाव तुमच्या पाठीशी उभे राहील, पण त्याला आधी खरे कळले पाहिजे.

मुलांचा वेळ मुलांना परत द्या! शिक्षकाला शिकवू द्या!

आपले,
जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक आणि पालक

(हे पत्रक वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या. शाळेच्या फलकावर लावा.)