मराठवाडा विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांस अनावृत पत्रक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात ज्यांनी आयुष्याची चार-दोन वर्षे काढली, आणि तेथे मिळालेल्या पदवीच्या बळावर ज्यांना आज कोठे अध्यापकाची, कोठे तहसिलीतली, कोठे बँकेतली खुर्ची लाभली आहे, त्या सर्वांपुढे आम्ही हे पत्रक ठेवीत आहोत ते देणगी मागण्यासाठी नव्हे. आम्ही तुमच्यापाशी वर्षाकाठी पंधरा दिवस मागतो. आणि बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशाची मुदत संपेपर्यंतच्या काळातले हे दिवस तुमच्या स्वतःच्या तालुक्यातील बौद्धवस्त्यांत आणि मुसलमान मोहल्ल्यांत खर्ची पडावेत, अशी आमची मागणी आहे.

या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो. विद्यापीठाचे दार सर्वांना मोकळे आहे, प्रवेशाची सूचना वेळेवर निघते, तेव्हा ज्याच्या अंगी योग्यता असेल तो आपल्या पायांनी चालत येईल, असे म्हटले जाते. आणि असे म्हणणाऱ्यांत आपल्यापैकीच काही पदवीधर असावेत याचे आम्हांस विशेष दुःख वाटते, कारण ज्यांचे नाव या विद्यापीठाने धारण केले आहे त्यांचे चरित्रच या म्हणण्याचे खंडन करते. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या योग्यतेत उणे काय होते? तरीही बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या त्या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी आपण होऊन विचारपूस केली, पुढे शिक्षण अडले तेव्हा त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेऊन पोहोचवले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून एल्फिन्स्टन महाविद्यालयातले शिक्षण तडीस गेले. केळुसकर त्या मुलाचे नातलग नव्हते, जातभाई नव्हते. एवढ्या असामान्य बुद्धीलाही जर हाताला धरून नेणारा कोणी लागला, तर गेवराई किंवा भोकरदनच्या एखाद्या खेड्यात साठ टक्के गुण मिळवून घरी बसलेल्या मुलीने एकटीने वाट शोधावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

निजामाच्या अमदानीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी तर हैदराबादेस जावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि औरंगाबादेत १९२३ पासून होते ते केवळ इंटरमीजिएटपर्यंतचे महाविद्यालय. या ओसाडीत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली जे महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. विद्यापीठ १९५८ साली आले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नाव प्रत्यक्षात लागले १४ जानेवारी १९९४ रोजी; मधल्या साडेपंधरा वर्षांत कोणाची घरे जळाली आणि कोणाचे रक्त सांडले हे मराठवाड्यात कोणास सांगावयास नको. ज्यांनी त्या नावासाठी घरेदारे गमावली त्यांच्या नातवंडांना त्याच विद्यापीठाच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख कळू नये, ही गोष्ट आम्ही मुकाट्याने पाहावी काय?

मुसलमान मुलांची स्थिती तर याहून दुर्लक्षित आहे. औरंगाबादेत रफिक झकेरियांनी १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय काढले खरे, पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशातील नामांकित महाविद्यालयांविषयी जे नोंदले, की पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर वर्गातील ५० विद्यार्थ्यांत एक मुसलमान, ते वाचून आपल्या वर्गातली हजेरी आठवावी.

आता खरी अडचण कोठे आहे ते सांगतो. ती बुद्धीत नाही, पुष्कळदा पैशातही नाही. ती कागदात आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी या मुसलमान जमाती इतर मागासवर्गात मोडतात, परंतु शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले असते, आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणा म्हणून कचेरीतून सांगितले की बाप हात जोडून घरी परततो. पुरावा नसतो असे नाही. तो आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात किंवा तहसिलीच्या दफ्तरखान्यातील निजामकालीन कागदांत, उर्दूत, कधी मोडीत, पडलेला असतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या कुटुंबांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा दाखला शोधताना हीच पायपीट करावी लागते. आपल्यात उर्दू वाचणारे पदवीधर आहेत, मोडी शिकलेले इतिहासाचे विद्यार्थी आहेत, महसुलात नोकरी केलेले अव्वल कारकून आहेत. कोणत्या नकलेसाठी कोठे अर्ज करावयाचा, उत्पन्नाचा दाखला कधी काढावा, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरण्याआधी बँकेचे खाते आधारला जोडलेले का असावे लागते, हे ज्ञान तुम्हांस ठेचा खाऊन मिळाले आहे. ते तुमच्याबरोबर निवृत्त होऊ देऊ नका.

हे लिहिणाऱ्याचा स्वतःचा अर्ज एका महाविद्यालयाच्या खिडकीवरून तीन वेळा परत आला होता. दर वेळी एक नवा कागद निघे, आणि पूर्ण फी आधी भरा असेही बजावले जाई. चौथ्या वेळी गावातला एक पदवीधर बरोबर आला; शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून सरकारने भरावयाची फी मागू नये, असे शासनाचे आदेश असल्याचे त्याने शांतपणे सांगितले, आणि तोच अर्ज, त्याच कागदांनिशी, स्वीकारला गेला. त्या गृहस्थाने त्या दिवशी एक किरकोळ रजा खर्च केली होती.

मुलींच्या बाबतीत कागद जमूनही काम होत नाही. बापाला परीक्षेची नव्हे, वसतिगृहाची धास्ती असते. तेथे कोण राहते, संध्याकाळी दार किती वाजता बंद होते, नमाजाला आणि सणाला घरी येता येईल काय, हे त्याचे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे माहितीपुस्तिकेत नसतात. ती उत्तरे त्या वसतिगृहात राहून आलेल्या स्त्रीनेच, त्या घराच्या ओसरीवर बसून, मुलीच्या आईला द्यावी लागतात. म्हणून माजी विद्यार्थिनींना आमची विनंती दुपटीने आहे.

विद्यापीठाच्या धुरीणांसही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. उच्च शिक्षणसंस्थांची प्रतवारी करणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचे योगदान पाच वर्षांत किती लाख रुपये, अशा रकान्यात मोजले गेले, आणि त्यामुळे आमची आठवण होते ती देणगीच्या पावतीपुरती. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातून दहा मुले आणून बसवली तर ती कोणत्या रकान्यात लिहावयाची? तसा रकाना विद्यापीठाने आपल्या दफ्तरी तरी उघडावा, तालुकावार याद्या ठेवाव्यात, आणि प्रवेशाच्या काळात आम्हांस चौकशीसाठी एक जबाबदार अधिकारी नेमून द्यावा.

बंधुभगिनींनो, निकालानंतरच्या पहिल्या रविवारी निघावे. दोघे मिळून जावे, आणि शक्यतो त्यातला एक त्याच वस्तीतला असावा. पहिल्या भेटीत अर्जाचा विषय काढू नये. पुढे केलेला चहा घ्यावा, मुलाचे गुणपत्रक आस्थेने पाहावे, आणि आजोबा कोणत्या गावच्या शाळेत गेले होते ते विचारून टिपून घ्यावे, कारण त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उताऱ्याची नक्कल काढावयास सोमवारी तुम्हांलाच जावयाचे आहे.