लंघन आणि पाणी

गेल्या श्रावणांत मुलुंडास आमच्या घरीं सहा वर्षांच्या नातवास पहांटेपासून वांत्या व जुलाब सुरू झाले. अतिसारावर लंघन हेंच औषध, ही आमची जुनी श्रद्धा. पाणी पाजलें कीं पोर ओकत असे. तेव्हां पोटास विसांवा द्यावा, थेंबही देऊं नये, असें आम्हीं सूनबाईंस बजाविलें. दुपारपर्यंत मुलाचे डोळे खोल गेले, रडतांना टिपें येईनात, लघवी होईना. सूनबाईंनीं आमची आज्ञा मोडली व मुलास डॉक्टरांकडे नेलें.

डॉक्टर रागावले नाहींत. आणखी उशीर होता तर शिरेंतून सलाईन द्यावें लागलें असतें, इतकेंच म्हणाले. ओ. आर. एस. ची आख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत विरघळवून चमच्याचमच्यानें पाजावयाची. उलटी झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हा, अधिक सावकाश. आम्हांस हा पोरखेळ वाटला.

पण जुलाबांतही आतड्याची एक वाट उघडी असते. ग्लुकोज व मीठ जोडीनें आलीं तर तें त्यांस आंत घेतें व त्यांच्यामागून पाणी शिरतें. 1971 सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी उसळली आणि सलाईन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनाबिस यांनीं असेंच मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांकरवीं रोग्यांस पाजविलें. शेंकडा 30 पर्यंत दगावणारे रोगी 4 हूनही कमी दगावूं लागले.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अधिक नको, आणि उरलेलें दुसऱ्या दिवशीं टाकावें. मुलांस जस्ताची औषधेंही डॉक्टर देतात. शौचांत रक्त दिसलें, मूल गुंगूं लागलें वा पिईनासें झालें, तर घरीं थांबूं नये.

उपनगरांत नळ ठराविक वेळींच येतो. तो बंद असतां फुटक्या जोडांतून गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. म्हणून पावसाळ्यांत पाणी उकळणें आलेंच.

पुढें आम्हीं पोथी पुन्हा उघडली. लंघनाच्या जोडीस तींत उकळलेलें पाणी, मंड, पेया, सारें सांगितलेलें! आम्हीं पहिलाच शब्द पाठ केला होता.

तिसऱ्या दिवशीं नातवानें मऊ भात मागितला. सूनबाईंनीं आम्हांस न विचारतांच वाढला.